सहज खाण्याचा इतिहास

गाडी स्टेशनात थांबताच खिडकीतून हात बाहेर काढून गरम बटाटेवडा घ्यावा, किंवा घराजवळच्या कोपऱ्यावर उभ्याउभ्या चहाचे दोन घोट घ्यावेत, यात आज अनेकांना काहीच विशेष वाटत नाही. वडा कोणी तळला, कप आधी कोणाच्या ओठाला लागला, हे प्रश्न त्यांच्या मनात येत नाहीत. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात ही निश्चिंतता फार जुनी नाही.

जुन्या काळी सोवळे पाळणाऱ्या प्रवाशाची सारी भिस्त बरोबरच्या शिदोरीवर, मिळालेल्या शिध्यावर आणि जातभाईच्या घरावर असे. पाण्याऐवजी दुधात पीठ भिजवून केलेली दशमी प्रवासात चालत असे, ती याच विटाळविचारामुळे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढे नाना जातींची माणसे एकाच डब्यात बसू लागली. तरीही फलाटावर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' वेगळेच राहिले. बाके एक झाली, तरी पेला एक झाला नव्हता.

हा पेला किती जड होता, हे पुण्यातील पंचहौद मिशनच्या प्रकरणाने दाखवून दिले. ऑक्टोबर १८९० मध्ये तेथे जमलेल्या प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. त्यांत टिळक होते, रानडेही होते. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आणली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. अखेर १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. या प्रकरणाने त्यांच्या घरात किती क्लेश झाले, हे रमाबाई रानडे यांच्या आठवणींतून कळते. एका कप चहाची एवढी किंमत समाजातील अग्रणींना मोजावी लागली.

मात्र ज्याच्या हातचा चहाच कोणी घेणार नाही, त्याची व्यथा याहून निराळी होती. कोल्हापुरात शाहू छत्रपतींच्या पदरी असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल मारहाण झाली. पुढे छत्रपतींच्या पाठबळाने त्यांनी चहाचे दुकान काढले. सवर्ण गिऱ्हाईक तिकडे फिरकेना, तेव्हा छत्रपती स्वतः गाडी थांबवून तेथे चहा घेऊ लागले आणि बरोबरच्यांनाही पाजू लागले. पंचहौदात चहा पिणाऱ्याची अब्रू पणाला लागली होती. येथे चहा करणाऱ्याची अब्रू राखली गेली.

शहरांत हे काम इराण्यांच्या हॉटेलांनीही केले. मुंबईतील कयानी १९०४ पासूनचे. संगमरवरी टेबलाशी बसणाऱ्याने ब्रूनमस्का आणि चहा मागवावा, पैसे द्यावेत, एवढाच तेथला व्यवहार. मालकाला गिऱ्हाइकाच्या जातीशी कर्तव्य नव्हते.

१९५० मध्ये राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने आणि उपाहारगृहे यांत जात, धर्म, लिंग यांवरून मज्जाव करण्यास बंदी घातली. पण लिहिलेला हक्क अंगवळणी पडायला वेळ लागतो. १९७२ मध्ये बाबा आढावांना 'एक गाव एक पाणवठा' ही चळवळ उभारावी लागली, याचा अर्थ घटनेनंतर बावीस वर्षे उलटूनही साधे पाणी सर्वांचे झाले नव्हते.

म्हणून मराठी आत्मचरित्रे वाचताना कोण कोठे जेवतो, कोणाला ओसरीवर बसवतात आणि कोणाची कपबशी वेगळी ठेवतात, याकडे वाचकाने आवर्जून लक्ष द्यावे. कोपऱ्यावरच्या चहाची गोडी त्याने कमी होणार नाही. ती सहजता कोणी मिळवून दिली आणि कोणाला अजून मिळायची आहे, एवढे मात्र ध्यानात राहील.