लेखणी कोणाची, शब्द कोणाचे?

‘लेखक’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. ज्याने हातात लेखणी धरली तो लेखक, की ज्याचे जगणे त्या लेखणीतून उतरले तो लेखक? ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवण्यात आले, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ वाङ्मयीन उरत नाही. तो मालकीचा प्रश्न होतो. पुढारी, नट, कारखानदार आज पैसे मोजून दुसऱ्याकडून आत्मचरित्र लिहवून घेतात आणि लिहिणारा पडद्याआड राहतो. या व्यवहाराकडे पाहताना आपल्याकडची एक जुनी रीत आठवावी लागते. त्या रीतीत लेखनिक पडद्याआड नव्हता.

आज मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखले जाणारे चाकण हे संताजी जगनाडे यांचे गाव. संताजी जातीने तेली, तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकी एक आणि त्यांच्या अभंगांचे लेखनिक. त्यांच्या वह्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या जपल्या. त्यांच्याच आधारे १९१९-२० च्या सुमारास वि. ल. भावे यांनी तुकोबांचा ‘अस्सल गाथा’ छापला. सुदुंबरे येथे संताजींची समाधी आहे. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. तुकोबांना स्वतःला लिहिता-वाचता येत होते. वाण्याच्या दुकानाची आणि तेल्याच्या घाण्याची वही दोघांच्याही ओळखीची होती. म्हणजे सांगणारा आणि लिहिणारा एकाच पायरीवर उभे होते. उतरलेले अक्षर तपासण्याची ताकद सांगणाऱ्याच्या अंगी होती.

चोखोबांची गोष्ट मात्र वेगळी आहे. जनाबाईंच्या नावावरील एका अभंगात कोणत्या संताचा लेखनिक कोण याची यादीच आली आहे. सावता माळ्याचा लेखनिक काशिबा गुरव, चोखामेळ्याचा अनंतभट्ट आणि खुद्द जनीचा पांडुरंग! परंपरेने लेखनिकांची नावे लपवली नाहीत, हे तिचे मोठेपण मान्य केले पाहिजे. परंतु ज्या चोखोबांना पंढरीच्या देवळात पाऊल ठेवता आले नाही, मंगळवेढ्यात गावकुसाच्या बांधकामावर राबताना १३३८ साली जे भिंतीखाली गाडले गेले, त्यांचे शब्द एका ब्राह्मणाच्या लेखणीतून उतरले, असे ही यादी सांगते.

दलित साहित्याच्या पहिल्या पिढीतील अनेकांना चोखोबांची शरणागती रुचली नाही. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. तथापि त्या रागाला एक प्रश्न जोडून घ्यावा असे मला वाटते. लिहिलेले वाचून पाहण्याचा अधिकारच ज्याला नाही, त्याच्या नावावरील प्रत्येक ओळीचा जबाब आपण एकट्या त्याच्याकडे मागू शकतो काय? अनंतभट्टाच्या सचोटीवर मी संशय घेत नाही. त्याने लिहून ठेवले म्हणूनही काही उरले असेल. पण दुसऱ्याच्या सचोटीवर विसंबणे वेगळे आणि स्वतःचा हक्क असणे वेगळे. चोखोबांना सज्जन लेखनिक लाभला असेल. हक्क लाभला नाही.

तो हक्क बाबासाहेबांच्या चळवळीने मिळवून दिला आणि लेखनिकाचे नाते बदलले. शांताबाई दाणी यांचे ‘रात्रंदिन आम्हा’ १९९० साली प्रसिद्ध झाले. त्याचे शब्दांकन भावना भार्गवे यांनी केले. शांताबाई पदवीधर होत्या, शिक्षणसंस्था चालवीत होत्या, विधान परिषदेत बसल्या होत्या. तेव्हा शब्दांकन ही निरक्षराची लाचारी, हा समज सोडून दिला पाहिजे. तुकोबांच्याच अभंगातून आलेले शीर्षक मिरवणाऱ्या या पुस्तकात जगणे शांताबाईंचे आहे आणि शब्दांकन करणारीचे नावही उघड आहे. त्याआधी १९८९ मध्ये उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ सिद्ध केले. चळवळीतल्या स्त्रियांना त्यांनी गाठले, बोलते केले आणि त्यांच्या कहाण्या नावानिशी छापल्या. येथे विचारणाऱ्याही चळवळीतल्याच होत्या.

आता आपल्या दाराशी या. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्या दिवशी आईबापांचे बोट धरून गेलेली पोरे आज ऐंशीच्या घरात आहेत. त्याच वर्षी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे टेल्को आली, बजाज आली. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातली घरे उठली आणि कितीतरी माणसे येथल्या वस्त्यांत येऊन राहिली. निवृत्त झालेली ही माणसे आमच्यासारख्या प्राध्यापकांना म्हणतात, “सर, मी सांगतो, तुम्ही लिहा.” घरातले पहिले पदवीधर असलेले आम्ही आज या माणसांचे लेखनिक आहोत.

धोका येथेच आहे. महाविद्यालयात आम्ही जी मराठी शिकलो ती आम्हाला ‘शुद्ध’ वाटू लागली आहे. सांगणारी म्हातारी ‘व्हतं’ म्हणते, आमची लेखणी ‘होते’ लिहिते. ती शिवी देते, आम्ही उसासा लिहितो. ती हसत सांगते, आम्ही तिला रडवतो, कारण वाचकाला दलिताचे रडणे आवडते असे आम्ही गृहीत धरले आहे. असे पुस्तक तिच्या नावावर निघाले तरी तिचे राहत नाही.

म्हणून काही पथ्ये ठरवून घेतली पाहिजेत. लिहिलेले प्रत्येक प्रकरण सांगणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावे. तो ‘हे माझं न्हाई’ म्हणाला की ते खोडावे. मुखपृष्ठावर नाव त्याचे असावे आणि शब्दांकन करणाऱ्याचे नावही उघडपणे छापावे. ते लपवले तर ‘यांना कुठे लिहिता येते’ असे म्हणणाऱ्यांच्या हाती आपणच कोलीत देतो. मानधन व हक्क यांचा करार लेखी असावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचा पहिला हक्क सामान्यतः प्रत्यक्ष लिहिणाऱ्याकडे जातो आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. तोंडी भरवशावर म्हाताऱ्याचे आयुष्य दुसऱ्याच्या मालकीचे होऊ शकते.

देहूरोडच्या त्या दिवसाचे साक्षीदार दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्यापाशी वही घेऊन बसणारी माणसे वाड्यावस्त्यांतून आजच उभी राहिली पाहिजेत. मात्र लेखणी आपली असली तरी शब्द त्यांचेच राहिले पाहिजेत.