दिव्याचा उजेड आणि चित्रकाराचे नाव

धारवाडच्या मालमड्डी भागात किंवा जुन्या हुबळीत एखाद्या परिचिताच्या घरी गेल्यावर देवघराशेजारच्या भिंतीवर एक चित्र आम्ही अनेकदा पाहिलेले आहे. एका हातात दिवा घेतलेली स्त्री, ज्योतीला वारा लागू नये म्हणून दुसरा हात तिने आडवा धरलेला, बोटांच्या फटींतून उजळलेली लाली आणि मुखावर पसरलेला मंद उजेड. हे चित्र कोणाचे, असे विचारले असता बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते : ‘राजा रविवर्म्याचे.’ हे उत्तर चुकीचे आहे. ते इतकी वर्षे टिकून का राहिले, आणि त्यात दुरुस्ती करण्याचे दायित्व कोणाचे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील संग्रहालयाचे. हा राजवाडा १८६१ साली बांधला गेला आणि १९१५ साली तेथे चित्रसंग्रह मांडण्यात आला. पुढे त्यास जयचामराजेंद्र यांचे नाव मिळाले. रविवर्म्याची अस्सल तैलचित्रे या संग्रहात आहेत आणि ती पाहण्यासाठीच बहुसंख्य प्रेक्षक तेथे जातात. आम्ही गेलो तेव्हा दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र मुद्दाम अंधुक ठेवलेल्या जागी लावलेले होते. त्यामुळे भिंतीवर खरोखरच दिवा तेवत असावा, असा भास होई. सहलीस आलेली मुले त्यापुढे येताच गप्प होत. एका चित्राकडून याहून अधिक काय अपेक्षावे?

या चित्राचे कर्ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर होत. त्यांचा जन्म १८८२ साली सावंतवाडीस झाला. शाळेतील चित्रकलेचे शिक्षक मालवणकर यांचे प्रोत्साहन त्यांना लाभले आणि पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. १९०८ साली त्यांनी मुंबईत स्वतःची कलासंस्था काढली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या आर्ट सोसायटी ऑफ इंडियाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. व्यक्तिचित्रण हा त्यांचा विशेष प्रांत होता आणि तैलरंग व जलरंग या दोन्ही माध्यमांवर त्यांची हुकमत होती. १९६८ साली त्यांचे निधन झाले. म्हैसूरचे चित्र त्यांनी १९४५-४६ च्या सुमारास काढले. ‘ग्लो ऑफ होप’ हे त्याचे नाव.

आता कर्तृत्वाचे प्रमाण पाहू. इतिहासाच्या अभ्यासात बाह्य व आंतर असे प्रमाणांचे दोन प्रकार मानतात. येथे दोन्ही उपलब्ध आहेत. रविवर्मा १९०६ साली दिवंगत झाला, म्हणजे या चित्रापूर्वी सुमारे चाळीस वर्षे. बाह्य प्रमाण एवढ्यानेच पुरे होते. आंतर प्रमाण माध्यमात आहे. रविवर्म्याची कीर्ती तैलरंगावर उभी आहे, आणि हे चित्र जलरंगातील आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरावयाचा नसतो. जेथे उजेड दाखवावयाचा, तेथे कागद कोरा किंवा अत्यंत पातळ रंगाचा ठेवून भोवतीचा काळोख थरावर थर देत गडद करीत न्यावा लागतो. तैलरंगात चुकलेली जागा पुन्हा झाकता येते, जलरंगात ती सोय जवळजवळ नाही. म्हणून या चित्रातील ज्योत रंगविलेली आहे असे म्हणण्यापेक्षा ती काळोखातून जपून राखलेली आहे, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

तिसरे प्रमाण मात्र सर्वांत बोलके आहे. चित्रातील स्त्री कल्पित नव्हे. ती हळदणकरांची कन्या गीता, विवाहानंतरच्या गीताबाई उपळेकर. दिवाळीत आईची साडी नेसून हातात दिवा घेतला असता वडिलांच्या दृष्टीस आपण पडलो आणि त्यांना हे चित्र सुचले, अशी आठवण त्या सांगत. कोल्हापुरात दीर्घकाळ राहिलेल्या गीताबाई २०१८ साली, वयाची शंभरी ओलांडल्यानंतर निवर्तल्या. म्हणजे ज्या काळात घरोघरी या चित्रास रविवर्म्याचे म्हणून हार घातले जात होते, त्या काळात चित्रातील व्यक्ती स्वतः हयात होती आणि आपल्या पित्याचे नाव सांगत होती. व्यक्तिचित्र हे ज्याने काढले त्याची व जिचे काढले तिची संयुक्त निर्मिती असते. येथे दोघांचीही नावे एकाच वेळी पुसली गेली.

या चुकीचा उगम समजून घेणे कठीण नाही. १८९४ साली रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. तेथील रंगीत छापील चित्रांनी घराघरांतील भिंती व्यापल्या. परिणामी सुंदर साडीतील स्त्री आणि रविवर्मा हे समीकरण लोकमनात दृढ झाले. मोठ्या नावाने लहान नाव गिळून टाकणे हा प्रकार वाङ्मयातही आम्हांस परिचित आहे. विष्णुदास नामा या कवीच्या रचना संत नामदेवांच्या गाथेत मिसळून गेल्या आणि त्या वेगळ्या करण्यास संशोधकांना किती श्रम पडले, हे परिषदेच्या सभासदांस सांगावयास नको. तेथे निदान नामसादृश्य होते. येथे तेही नाही.

युरोपातही असे घडले आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच चित्रकार जॉर्ज द ला तूर हा मेणबत्तीच्या उजेडाचा थोर जाणकार. मेणबत्तीपुढे धरलेला मुलाचा हात आरपार उजळलेला दाखविणारे त्याचे चित्र लूव्र संग्रहालयात आहे. १६५२ साली तो वारला आणि त्याचे नाव इतके लोपले, की त्याची चित्रे इतरांच्या नावावर जमा झाली. १९१५ साली हेर्मान फोस या जर्मन पंडिताने त्यास पुन्हा ओळखले आणि १९३४ च्या पॅरिसमधील एका प्रदर्शनाने त्याची कीर्ती सर्वसामान्य रसिकांपर्यंत पोहोचविली. विस्मृती घडविण्यास काळ पुरतो, परंतु ती दूर करण्यास अभ्यासक व संग्रहालय या दोघांचे साहाय्य लागते.

धारवाडकरांस या प्रश्नाशी विशेष कर्तव्य आहे. १९५६ पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, येथील चित्रकलेच्या शिक्षकांची दृष्टी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेकडे लागलेली असे. त्याच काळात येथे मराठीचे वर्चस्व कन्नड भाषकांस जाचले आणि १८९० साली कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला, हेही आम्ही विसरू नये. म्हणून हळदणकर मराठी होते यास्तव त्यांचे नाव पुढे आणावे, असा आमचा आग्रह नाही. उलट कोकणातील एका चित्रकाराची सर्वांत लाडकी कृती कन्नड प्रदेशाने आपल्या राजवाड्यात जपली, कन्नड घरांनी ती आपली मानली, ही कृतज्ञतेची गोष्ट आहे. रविवर्माही मल्याळी होता आणि त्यास कोणी परका म्हटले नाही. प्रश्न भाषेचा नसून ऋणाचा आहे. ज्याचे श्रम, त्याचे नाव, एवढाच.

हुबळी-धारवाडच्या शाळांच्या सहली म्हैसूरला जातात. त्या चित्रापुढे मुले थांबतील तेव्हा शिक्षकांनी त्यांस चित्रकार हळदणकर, त्यांची कन्या गीता आणि सावंतवाडीचे चित्रकला-शिक्षक मालवणकर ही तीन नावे सांगावीत. तिसऱ्या नावाची आठवण आपल्याच व्यवसायबंधूची असल्यामुळे ती देताना शिक्षकांस अधिक समाधान वाटेल, अशी आमची खात्री आहे.