ओहोटीच्या वाटेवरचा परदेश

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर उभे राहा. कापडाचे तागे लादलेले टेम्पो आणि रिक्षा यांच्या गलक्यातच डोळे मिटा आणि साडेतीनशे वर्षे मागे चला.

एप्रिल १६७५. नाका नाही, यंत्रमाग नाहीत. शिवरायांच्या राज्याभिषेकाला अजून वर्षही झालेले नाही. कल्याण-भिवंडी त्यांनी घेतली १६५७ मध्ये, आणि मग इथल्या खाडीत लढाऊ गलबते बांधायला काढली. कामवारी नदीच्या काठाशी पडाव, म्हणजे मोठी होडी, तयार आहे. तांडेल हाक मारतो, "चला, ओहोटी लागली!"

तुम्ही परमुलखात निघाला आहात आणि त्यासाठी समुद्र ओलांडायचा नाही. मोठ्या खाडीला लागताच काठावर पोर्तुगीज फिदाल्गोंची, म्हणजे सरदारांची, गावे आणि टोलेजंग घरे दिसू लागतात. याच हंगामात इंग्रज कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर याच पाण्यातून उलट दिशेने, कल्याणमार्गे जुन्नरच्या मोगल सुभेदाराकडे निघाला आहे. दोन्ही काठांवरची ही घरे आणि कल्याणच्या मैलभर अलीकडे सुरू होणारी शिवाजी महाराजांची हद्द तो टिपून ठेवील. त्याचे पुस्तक छापले जाईल १६९८ मध्ये.

ठाणे मागे पडते. दुपार कलताना घोडबंदरजवळ पडाव काठाला लागतो. ही जुआंव द मेलोची जहागीर. टेकडीच्या उतारावर एकाखाली एक बागेचे टप्पे उतरत आले आहेत, आणि पाण्याच्या कडेला आहे खास मेजवानीचे घर. फ्रायरही इथे येऊन थक्क झाला होता. तुम्ही पायऱ्या चढता. लतामंडपाखालची सावली अंगावर येते आणि वैशाखाची काहिली पाठीमागे राहते. हात-पाय धुवायला घंगाळात पाणी येते, बसायला खुर्ची येते.

दिवेलागणीला ताटे मांडली जातात. खाडीची मासळी, नारळाच्या रसातले कालवण, भात, शेजारी पाव. कालवणाचा तिखटपणा मिरचीचा आहे. ती पोर्तुगीज गलबतांतून समुद्रापारहून आली आणि आता कोकणच्या मातीत रुजली आहे. शेवटी येतो अननस, तोही तिकडचाच. तुम्ही पोटभर जेवता. खाडीवरून वारा येतो. मऊ बिछान्यावर डोळा लागतो.

पहाटे रहाटाच्या करकरीने जाग येते. अंगणातून खाली या. उतारावरच्या त्या हिरव्या टप्प्यांना पाणी पाजणारी माणसे अंधारातच कामाला लागली आहेत. काल ताटात आलेला भात त्यांनी लावलेला, मासळी त्यांच्या शेजाऱ्यांनी पकडलेली. त्यांच्याशी बोला, कारण जहागीरदाराच्या ओसरीवरून ती दिसत नाहीत.

त्यांची कहाणी वीस वर्षांनी, १६९५ मध्ये, जेमेल्ली कारेरी हा इटालियन प्रवासी लिहून ठेवील. वसईच्या आसपास पंधरा मैल पसरलेल्या बागा, आंबा आणि ऊस, उन्हाळ्यात हवा खायला येणाऱ्या बड्या लोकांची घरे, यांचे तो तोंडभरून कौतुक करील. त्या बागा ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू असे सगळेच शेतकरी कसतात, हेही नोंदवील. आणि घोडबंदर ज्या बेटावर आहे त्या साष्टीबद्दल तोच लिहील की इथल्या कुळांची अवस्था वेठीच्या ताबेदारांहून वाईट आहे. ती एका गावातून दुसऱ्या गावात पळून जातात आणि मालक त्यांना जबरदस्तीने परत आणतात.

आता कालचे ताट पुन्हा आठवा. त्या सुंदर पाहुणचाराची किंमत यजमानाने चुकवलेली नव्हती. गाव सोडून जायचीही मोकळीक नसलेल्या माणसांनी ती चुकवली होती.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पा वसई जिंकतील आणि फिदाल्गोंचे राज्य या किनाऱ्यावरून उठेल. बागायत मात्र उठणार नाही, कारण ती ज्यांच्या हातांनी उभी राहिली ते हात इथलेच आहेत. वसईच्या वाड्यांतली केळी, भाजी आणि फुले पुढे मुंबईच्या बाजारात येत राहतील. फ्रायरच्या पुस्तकात द मेलोचे नाव राहिले, या माणसांचे राहिले नाही. तरी त्या रात्री तुम्ही जेवलात ते त्यांच्याच घरचे अन्न होते. निघताना पहिला रामराम त्यांना करा.