ओझ्याच्या सायकलीचे चाक

घाटनांदूर स्थानकावर उतरून, सामान कॅरिअरला बांधून, अंबाजोगाईच्या बाजूने बालाघाटाच्या चढउतारांवर निघणाऱ्या सायकलस्वाराचे मागचे चाक सर्वांत आधी दगा देते. स्वाराच्या वजनाचा मोठा वाटा आणि कॅरिअरवरचे ओझे त्यावरच असते.

हब वरच्या आऱ्यांना टांगलेला असतो, असा समज आहे. प्रत्यक्षात भार आला की जमिनीला टेकलेल्या भागाजवळच्या चार-पाच आऱ्यांचा ताण उतरतो. बाकीच्यांत फारसा फरक पडत नाही. जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ च्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे गणिताने मांडले. म्हणजे प्रत्येक फेरीत प्रत्येक आरा एकदा सैल होऊन पुन्हा ताणला जातो. २८ इंची चाकाचा परीघ सव्वादोन मीटरच्या आसपास, तेव्हा शंभर किलोमीटरमध्ये असे सुमारे ४५ हजार हेलकावे बसतात. आरा एका धक्क्याने क्वचितच तुटतो. या हेलकाव्यांनी थकून तो हबजवळच्या वाकणात तुटतो. मुळात ताण कमी असेल तर आरा पूर्ण ढिला पडतो, त्याला रिमशी धरणारा निपल फिरतो आणि चाक आउट होते, म्हणजे डगमगत फिरते.

म्हणून नुसती जाड तार हा उपाय नव्हे. टोकांना २ मिमी आणि मधे १.८ मिमी असलेल्या आऱ्याचा मधला छेद १९ टक्क्यांनी कमी असतो. तेवढ्याच ताणाला तो अधिक लांबतो, त्यामुळे रिम दबली तरी चटकन ढिला पडत नाही, आणि वाकणाची जाडी कायम राहते.

गिअरच्या सायकलीत दात्यांचा संच उजवीकडची जागा खातो. उजवे आरे उभे राहतात, डाव्यांचा ताण बराच कमी ठेवावा लागतो, आणि तेच आधी सैल पडतात. दुधाचे कॅन वाहणाऱ्या काळ्या सायकलीला एकच फ्रीव्हील असते, त्यामुळे तिच्या दोन्ही बाजूंचा ताण जवळजवळ सारखा. शिवाय मागे ४० आणि पुढे ३२ आरे. माझ्या मते दूरच्या प्रवासाचे चाक बांधणाऱ्याने आधी हीच सायकल नीट पाहावी.

बांधताना आटे तेलात भिजवावेत, निपल सारख्या फेऱ्यांनी आवळावेत आणि आउट काढत ताण टप्प्याटप्प्याने वाढवावा. एका बाजूचे आरे छेडल्यावर सारखा सूर निघाला पाहिजे. शेवटी समांतर आऱ्यांच्या जोड्या मुठीत धरून जोराने दाबाव्यात. वाकणात राहिलेला अंतर्गत ताण त्याने निघून जातो. दुकानात घाईघाईत हीच पायरी गाळली जाते. चाक बांधून घेताना समोर उभे राहा आणि ती करवून घ्या.