सरखेल

मराठा आरमाराच्या प्रमुखाचा किताब. मूळ शब्द दर्यावरचा नाही, घोडदळातला आहे. दिल्ली सल्तनतीच्या काळात दहा स्वारांच्या नायकाला सरखेल म्हणत, आणि त्याच उतरंडीत अमीर त्याच्या दोन पायऱ्या वर होता. अरबी ‘अमीर’ युरोपात जाऊन ‘अ‍ॅडमिरल’ झाला, सरखेल कोकणात समुद्रावर उतरला. या नात्यामुळे कान्होजी आंग्रे यांना ‘मराठ्यांचे अ‍ॅडमिरल’ म्हणणे सोपे जाते. तरीही हे समीकरण चुकीचे आहे, कारण अ‍ॅडमिरल आज हुद्दा (माणसाची पायरी) आहे आणि सरखेल हे पद (सांभाळायचे काम) होते. कान्होजी 1713 मध्ये छत्रपती शाहूंच्या पक्षात आले तेव्हा सरखेलीबरोबर त्यांच्याकडे दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी राहिली. मुलूख आणि आरमार एकाच हाती होते. हे पद घराण्यात चालले. 1733 मध्ये कान्होजींचे पुत्र सेखोजी वारल्यावर भावांत तंटा लागला, तो मिटवताना पेशवे बाजीरावांनी सरखेली संभाजींना दिली आणि कुलाब्याच्या मानाजींना ‘वजारतमाआब’ हा वेगळा किताब दिला. हुद्द्यांची शिडी असती तर धाकट्याला खालची पायरी मिळाली असती. इथे नवा किताबच काढावा लागला.

यावर आक्षेप असा की अ‍ॅडमिरल हेही आरंभी पदच होते. ते खरे आहे. इंग्रजी ताफ्याच्या आघाडीवर व्हाइस अ‍ॅडमिरल आणि पिछाडीवर रिअर अ‍ॅडमिरल असे. कमोडोर ही तर दीर्घकाळ तात्पुरती नेमणूक होती. पण तिथे कामाची नावे पुढे माणसाला चिकटली आणि नेमणूक बदलली तरी टिकली. सरखेलीला तेवढा अवकाशच मिळाला नाही. 1756 मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून सरखेल तुळाजी आंग्रे यांचा विजयदुर्ग जिंकला; पुढे तिथे पेशव्यांचा आरमारी सुभा आला आणि धुळप घराण्याकडे तो कारभार गेला.

डिसेंबर 2023 मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यात नौदलाच्या हुद्द्यांना भारतीय परंपरेतील नावे देण्याची घोषणा झाली, तेव्हापासून हा भेद केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. सरखेल हा शब्द नौदलप्रमुखाच्या पदाला शोभेल. कमोडोर, रिअर अ‍ॅडमिरल, व्हाइस अ‍ॅडमिरल आणि अ‍ॅडमिरल या चार पायऱ्या मात्र त्यातून काढता येणार नाहीत. त्यांच्यासाठी शब्द नव्यानेच घडवावे लागतील.