कुंपण नसलेले रान

उघडे बिनतारी जाळे दिसणे आणि त्यात शिरणे, या दोन क्रियांतील अंतर महाराष्ट्राला २००८ साली कटू रीतीने कळले. २६ जुलै रोजी अहमदाबादेत स्फोट झाले. त्यांची जबाबदारी घेणारा ईमेल नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरातील असुरक्षित वायफायवरून गेला होता आणि संशयाची पहिली सावली त्या घरावरच पडली. पुढील ईमेलांचा माग माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयापर्यंत आणि चेंबूरच्या एका कार्यालयापर्यंत गेला. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी लॅपटॉप घेऊन उघडी जाळी हुडकण्याची आणि मालकांना नोटिसा देण्याची मोहीम जाहीर केली. ज्याच्या दारातून चोर गेला, त्यालाच जाब विचारण्याची ही रीत होती.

कायद्याचा रोख मात्र निराळा आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४३ मालकाच्या परवानगीविषयी बोलते. कुलूप होते की नव्हते, हे विचारत नाही. तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केले, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

कुंपणावाचूनची हद्द चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशाला नवी नाही. १९२७ च्या वन कायद्याने राखीव जंगलातील विनापरवाना प्रवेश गुन्हा ठरवला. पिढ्यानपिढ्या तेथे वावरणारा माणूस त्यामुळे आपल्याच रानात आगंतुक झाला. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर, २००९ मध्ये, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. झाडे तीच राहिली, कुंपण तेव्हाही नव्हते. बदलला तो परवानगी देण्याचा अधिकार. हद्द तारेने ठरत नाही, अधिकाराने ठरते, हा धडा आम्हांस येथे मोलाचा वाटतो.

मग नुसत्या शोधाचे काय? वायफायचे यंत्र आपले नाव स्वतःच सेकंदाला अनेकदा पुकारत असते. ते ऐकणे म्हणजे घुसखोरी नव्हे. प्रत्येक मोबाईल तेच करतो. परंतु २०१० मध्ये गूगलने कबूल केले, की रस्त्यांची छायाचित्रे घेणाऱ्या त्यांच्या गाड्यांनी उघड्या जाळ्यांतून वाहणाऱ्या मजकुराचे तुकडेही टिपले होते. नाव ऐकण्यापाशी थांबायचे ते कान मजकुरापर्यंत गेले, तेथे मर्यादा ओलांडली गेली.

आणखी एक अडचण उरते. कोणी जाळे निष्काळजीपणे उघडे ठेवतो, तर कोणी शेजाऱ्याच्या मुलाला अभ्यास करता यावा म्हणून. शोधणाऱ्याच्या पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून दिसलेल्या उघडेपणाचा अर्थ आपल्या सोयीने लावू नये. मालकाला सावध करावे, यादी चव्हाट्यावर मांडू नये आणि आत जायचे तर विचारावे. उघडे दार पुष्कळ काही सुचवते, पण या असे म्हणण्याचा अधिकार घरातल्याचाच असतो.