टिपण, टाचण आणि बारनिशी

नोंदी ठेवण्याच्या ॲपमध्ये हल्ली एक बटण असतेच: ‘क्विक कॅप्चर’. दाबा, सुचेल ते ओता, मोकळे व्हा. कप्प्यांचे मागाहून बघू. तोवर सारे ‘इनबॉक्स’मध्ये पडून राहते. असे ॲप करणाऱ्या एका मित्राने विचारले, याला मराठीत काय म्हणू? ‘झटपट नोंद’, मी म्हणालो, आणि लगेच शब्द मागे घेतला. नोंद भारदस्त असते. ती जन्ममृत्यूची होते, सातबाऱ्यावर होते. तिला झटपट म्हटले तर तलाठीसुद्धा हसेल.

मग आठवले ‘टिपणे’. चिमणी अंगणातले दाणे टिपते, टीपकागद शाई टिपतो, आई पदराने डोळे टिपते, कॅमेरा चेहऱ्यावरचा भाव टिपतो. सगळीकडे अलगदपणा तोच आणि वेगही तोच. दाणा ज्वारीचा की बाजरीचा, ही वर्गवारी चिमणी चोच मारताना करत बसत नाही. ॲपवाल्यांचे घोडे इथेच अडते. नवे पान उघडताच शीर्षक विचारायचे, मग फोल्डर, मग टॅग; एवढ्यात सुचलेले भुर्रकन उडून जाते. टिपणाचे संस्कृतातले भावंड ‘टिप्पणी’ मात्र निवांत बसून लिहायची, ग्रंथावरचे स्पष्टीकरण म्हणून. मराठीत टीकेच्या संगतीला लागून ती जरा बिघडलीच.

‘कॅप्चर’च्या मुळाशी लॅटिनमधले धरणे-पकडणे आहे. ‘ऑर्ग मोड’ या जुन्या, जाणकारांच्या लाडक्या प्रणालीत या सोयीचे नाव आधी ‘रिमेंबर’ होते. २०१० च्या सुमारास तिची नव्याने बांधणी झाली आणि ती ‘कॅप्चर’ झाली. म्हणजे तिकडे विचार हा पळू पाहणारा चोर, आपल्याकडे सांडलेला दाणा. मला दाणा बरा वाटतो.

‘टाचण’ही मित्राला सुचवून पाहिले. टाचणे म्हणजे तात्पुरते जोडणे. कच्चा टाका घालावा किंवा टाचणी लावावी तसे. पण शाळामास्तरांनी रोजच्या ‘पाठ टाचणा’त हा शब्द इतका राबवला आहे, की मित्राच्या शिक्षिका बायकोने तो ऐकताच कपाळाला हात लावला.

राहिला इनबॉक्स. मूळचा तो कचेरीतल्या टेबलावरचा ट्रे, आणि कचेरीचे शब्द आपल्याकडे मुबलक. ‘आवक’ सगळ्यांना कळेल, बाजार समितीत कांद्याची असते तीच. माझा जीव मात्र ‘बारनिशी’वर. सरकारी कार्यालयात आलेली टपाले जिथे नोंदली जातात ती ही जागा. चिटणीस, फडणीस यांच्या शेपटाला असलेला फारसी ‘नवीस’, म्हणजे लिहिणारा, हिच्याही अंगात आहे. बारनिशीचा कारकून अर्ज वाचून निकाल देत नाही. शिक्का मारतो, तारीख आणि क्रमांक घालतो, कागद ज्याच्या त्याच्या टेबलाकडे धाडतो. इनबॉक्सनेही एवढेच करावे: वेळ आपणहून टाकावी, बाकी काही विचारू नये. मित्राला शब्द पटला नाही. वापरणारे पळून जातील म्हणाला. बटणावर ‘टिपा’ आले, खाली ‘आवक’.

ॲप मी वापरतो. शिक्का चोख बसतो; कागद पुढच्या टेबलाकडे धाडणारा कारकून तेवढा मीच आहे. गेल्या पावसाळ्यातले एक टिपण अजून आवकेत पडले आहे: ‘काकू, तिसरा डबा, विचारणे.’ वार, तारीख, वेळ मिनिटासकट आहे. काकू तीन आहेत. तिघींनाही विचारून झाले.